दोन नंबर, कवडी

अंदमानला जाताना आमच्या यादीत सहा किनारे होते, त्यातला एक मी खोडला. नेमका तोच, ज्याच्यासाठी माझी बायको निघाली होती. खोडताना मला ते कळलेलं नव्हतं, हे खरं. पण कळल्यावर मी खोटं बोललो आणि ते खोटं चार महिने सांभाळलं. हे आधी सांगून टाकल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही, म्हणून सांगितलं. एरवी ती सहल, आणि सहलीहून जास्त सहलीच्या आधीचा महिना, आमच्या घरातला सगळ्यात धमाल काळ होता.

आम्ही दारव्ह्याला राहत होतो. मी सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर. गाडी आत आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस ओढून काढायचा, चिमटीत धागा ताणून पाहायचा आणि चिठ्ठीवर ग्रेड लिहायची. सगळ्यात वर सुपर, त्याखाली एफएक्यू, मग फेअर. किडका, पिवळा पडलेला, बोंडातून नीट न सुटलेला कापूस निघाला तर त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. कवडी केंद्रावर घेत नाहीत, गाडी परत जाते. हे काम मी इतकी वर्षं केलं होतं की नवी उशी घरात आली तरी माझा हात आधी खोळीत जायचा. बायको म्हणायची, "झोपा आता, सुपर हाय."

ती अर्ध्या तासावरच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. सोळा वर्षं तिनं फळ्यावर भरती-ओहोटी काढली, आखात काढलं, प्रवाळबेट काढलं, आणि समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता. शाळेला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथल्या सातवीतल्या एका मुलीनं आजीच्या जुन्या ओढणीवरून सुटलेल्या चार कवड्या वर्गात आणल्या. ह्या समुद्रातून येतात, असं बायकोनं सांगितल्यावर मुलीनं विचारलं, "मॅडम, हिच्यात जीव असते तवा हे कशी दिसते?"

बायकोनं पुस्तकं धुंडाळली. शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात तिला एवढंच सापडलं की जिवंत कवडी आपल्या मऊ अंगाची चादर करून कवचावर पांघरून घेते. पण वाचलेलं सांगणं तिला पटेना. तिनं वर्गाला शब्द दिला की मी स्वतः पाहून येईन आणि मग सांगीन.

हे सगळं तिनं मला जेवताना सांगितलं होतं. मी रेडिओला कान लावून बसलो होतो, खरेदी सुरू व्हायची बातमी लागते का म्हणून. मी "हो हो" म्हटलं असणार. तेवढं मला चांगलं जमायचं.

त्या वर्षी खरेदी कधी सुरू होईल ते वरच्यांनाही सांगता येत नव्हतं. कापूस वेचून घराघरांत भरून पडला होता, लोक ढिगाच्या बाजूला जागा करून झोपत होते. आठवडी बाजारात चार पावलं चाललो की कोणीतरी थांबवायचं, साहेब, काटा कधी लागते? मला काय माहीत असणार? पण खरेदी नाही म्हणजे ग्रेडरला काम नाही, आणि कधी नव्हे ती मला दिवाळीच्या सुट्टीत रजा मिळत होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांच्या सुट्ट्या एकमेकींना भेटल्या. बायकोनं एका संध्याकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अंदमान."

बाजारात कोणी विचारलं तर मी "जरा बाहेरगावी जाऊन राह्यलो" एवढंच म्हणायचो. समुद्रावर चाललो, हे त्या लोकांच्या तोंडावर सांगायला जीभ उचलत नव्हती. घरात मात्र नुसता गोंधळ होता. नेट कॅफेतून आणलेले प्रिंट जमिनीवर पसरलेले असायचे. प्रिंट काळेपांढरे, त्यामुळे सगळे समुद्र राखाडी आणि सगळी वाळू राखाडी. आमची मुलगी सहावीत होती. तिनं स्केचपेन घेऊन एकेक समुद्र रंगवायला घेतला. निळा पेन तिसऱ्याच किनाऱ्यावर संपला, म्हणून पुढचे समुद्र हिरवे झाले. गंमत म्हणजे नंतर पाहिलं तर खरेच हिरवे निघाले.

मी त्या चित्रांवरून बोट फिरवत बसायचो. "ह्याची वाळू पाहा, एकदम लांब धाग्याची." मुलगी म्हणायची, "बाबा, तुम्ही समुद्राची ग्रेड काढून राहिले काय?" आणि मग खरंच तो खेळ सुरू झाला. राधानगरला सर्वांनी एकमतानं सुपर दिलं. एलिफंट बीचवर पाण्यात तोंड घालून प्रवाळ दिसतं म्हणून मुलीनं त्यालाही सुपर दिलं. पोर्ट ब्लेअरच्या गावातला किनारा एफएक्यू, कारण तिथं गर्दी. बायकोला हा खेळ आवडायचा, ती मधेच माझ्या ग्रेडला हरकत घ्यायची, वाळूत कचरा किती टक्के ते नीट पाहा म्हणायची. पोहायला आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. मुलगी न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव करायची, आणि शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, पोरगी आज किती खोल गेली?

पोहायची चड्डी दारव्ह्याच्या बाजारात मिळाली नाही. दुकानदारानं मला कबड्डीची दाखवली आणि म्हणाला, पाण्यात काय लिहून येते काय ते कबड्डीची हाय म्हणून. मी घेतली.

यादी बायकोनं केली. शाळेच्या लांब वहीचं पान, डावीकडे किनाऱ्याचं नाव आणि समोर एक-दोन शब्दांत तिथं काय आहे ते. तिचं अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल.

राधानगर – सूर्यास्त.
एलिफंट – प्रवाळ.
भरतपूर – उथळ पाणी, मुलीसाठी.
लक्ष्मणपूर एक – रुंद वाळू.
वंडूर – झाडं.
लक्ष्मणपूर दोन नंबर – कवडी.

ही यादी यवतमाळच्या एजंटाकडे द्यायची होती. तो बोट, हॉटेल, जीप सगळं त्याप्रमाणे ठरवणार होता. बायकोला सहामाहीचे पेपर तपासायचे होते, म्हणून मी एकटाच एसटीनं गेलो. एजंट हसरा माणूस. यादी पाहून म्हणाला, "सर, सहा नाही बसत. पाच सांगा. समुद्र तं एकच हाय, तुम्ही किती जागी उभे राहून पाहसान?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

मी पेन काढला. शेवटची ओळ वाचली. दोन नंबर, आणि वर कवडी.

आता हे ज्यानं कापूस हाताळला नाही त्याला वेडेपणा वाटेल. पण आमच्या धंद्यात दोन नंबर म्हणजे हलका माल, आणि कवडी म्हणजे त्याहून हलका. मला वाटलं, बायकोनंच ग्रेड लिहून ठेवली आहे. इतके दिवस आम्ही तोच खेळ खेळत होतो ना. त्या किनाऱ्याचा प्रिंटही मला आठवला. ओहोटीचा फोटो होता तो, काळे दगड, चिखल, डबकी, वाळूचा पत्ता नाही. मुलीनं त्याला रंगसुद्धा दिला नव्हता. मला बायकोचं कौतुक वाटलं. आपल्या संगतीनं माल ओळखायला शिकली, असं मनात म्हणालो आणि ती ओळ खोडली. दहा सेकंदही लागले नसतील. चिठ्ठीवर लिहायला लागतात तेवढेच.

एजंटानं टाइप करून दिलेल्या कागदावर नील बेटाच्या नावासमोर "भरतपूर, लक्ष्मणपूर" असं होतं. बायकोनं ते वाचलं, तिला वाटलं दोन्ही लक्ष्मणपूर त्यात आले. तिनं तो कागद शाळेत नेऊन मुलांना दाखवला. हे मला नंतर कळलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान. विमानात खिडकीजवळ कोण बसणार यावर मायलेकींचं भांडण झालं आणि शेवटी दोघी एकाच खिडकीला नाक लावून बसल्या. मी मधल्या वाटेकडच्या सीटवर, मला फक्त दोन वेण्या आणि एक अंबाडा दिसत होता. मग बायकोनं न वळता हात मागं करून माझा शर्ट ओढला. "पाहा न, पाहा. ते गडद निळं, तिथं खोल हाय. अन् ते पोपटी, तिथं प्रवाळ. मी शिकवतो तस्संच हाय हो." आजूबाजूचे लोक हसायला लागले, तिला पर्वा नव्हती.

राधानगरला पोचलो तेव्हा ती चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेशी उभी राहिली आणि बराच वेळ पुढे गेलीच नाही. लाट यायची, तिच्या पायाखालची वाळू ओढून न्यायची, ती डुलायची. मुलगी तोवर कमरेपर्यंत पाण्यात. मी कबड्डीची चड्डी घालून धावत गेलो आणि पहिल्याच लाटेनं मला आडवा केला. नाकातोंडात पाणी गेलं. आयुष्यात इतकं हसलो नसेन. मी वाळूची मूठ भरून चिमटीत ताणून दाखवली तर बायको म्हणाली, "लिहा चिठ्ठी. पूर्ण बेट सुपर." एलिफंटला मुलीनं पाण्याखाली तोंड घातलं, वर काढलं आणि नुसती हातवारे करत राहिली. बादलीचा सराव कामी आला होता.

अंदमानातल्या तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं नीलला उतरलो. दुपारच्या बोटीनं परत जायचं होतं. जीपवाल्यानं आधी भरतपूरला नेलं, मग लक्ष्मणपूरला. बायको बोटीपासूनच अस्वस्थ होती, आनंदानं. पर्समध्ये तिनं वही आणि पेन्सिल ठेवली होती, चित्र काढायला. लक्ष्मणपूरची रुंद वाळू तिनं पाच मिनिटं पाहिली आणि जीपवाल्याला म्हणाली, चला, आता दोन नंबर.

त्यानं खिशातून कागद काढून पाहिला. म्हणाला, "मैडम, दो नंबर आपके कागज में नहीं है. और अभी तो पानी चढ़ गया. वो सुबह जाना पड़ता है, पानी उतरने के टाइम. उसके लिए यहाँ रात रुकना पड़ता."

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही दिलं होतं न लिहून? कवडी तिथंच दिसते. पाणी उतरलं की दगडाखाली."

तेव्हा कळलं. उभ्या उभ्या, उन्हात. तिच्या वर्गाची ती गोष्ट, जेवतानाची, माझ्या "हो हो"च्या पलीकडून आता पूर्ण ऐकू आली. त्याच वेळी खरं सांगितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या तोंडून निघालं, "दिलं होतं. त्या एजंटानंच काटलं असन."

तिनं जीपवाल्याला विचारलं, बोट चुकवली तर? तो म्हणाला, उद्या जागा मिळेलच याचा भरवसा नाही, आणि परवा तुमचं विमान. तिनं पर्सची चेन लावली. थोड्या वेळानं मुलीनं तिला पाण्यात ओढलं आणि ती गेली. हसलीसुद्धा. त्या बेटावर तिनं मला एकदाही बोल लावला नाही. एजंटाला मात्र बोटीत बसल्यापासून जे सुरू केलं ते दारव्ह्याला पोचेपर्यंत.

शाळा उघडली. तिनं वर्गाला समुद्र सांगितला, विमानातून दिसणारे रंग सांगितले, मुलं खूश झाली. तांड्यावरच्या त्या मुलीनं विचारलं, अन् कवडी? बायकोनं सांगितलं, जाता नाही आलं. वाचलेलं सांगून मोकळी होता आलं असतं, पण तिनं तसं केलं नाही. घरी येऊन मला म्हणाली, "पोरगी 'बरं' म्हणली अन् खाली बसली."

आणि मग ती एजंटामागे हात धुऊन लागली. शाळेत सांगितलं, मासिक बैठकीत इतर शाळांच्या शिक्षकांना सांगितलं की त्या माणसाकडे जाऊ नका, लिहून दिलेलं काटते. सुट्ट्यांत सहली काढणारे शिक्षकच त्याचे मुख्य गिऱ्हाईक. मी ऐकत होतो आणि वर्तमानपत्र पुढे धरत होतो. खरेदी एकदाची सुरू झाली, गाड्यांची रांग लागली. चिठ्ठीवर कवडी लिहायची वेळ आली की मी ढिगात दुसऱ्यांदा हात घालायला लागलो, मग तिसऱ्यांदा. रांग खोळंबायची. हमाल म्हणायचे, साहेबाले यंदा काय झालं? काही गाड्यांत दुसऱ्या खेपेला चांगला कापूस लागला. आधीच्या वर्षांत किती जागी लागला असता, ते आता कोण सांगणार?

फेब्रुवारीत बायकोच्या शाळेतल्या एक मॅडम नवऱ्यासोबत आमच्याकडे आल्या. त्यांनाही अंदमानला जायचं होतं, कोणते किनारे घ्यावेत ते विचारायला आल्या होत्या. बायकोनं मुलीचे रंगवलेले प्रिंट काढले. पुन्हा जमिनीवर सगळे समुद्र पसरले आणि घरात पुन्हा तोच उत्साह भरला. राधानगर सोडूच नका, एलिफंटला पोरांना न्याच, नीलवर रात्र राहा. मी चहा घेऊन आलो तेव्हा ती म्हणत होती, "सगळं करा, पण त्या एजंटाकडे जाऊ नका. एक नंबरचा लबाड माणूस."

मी ट्रे खाली ठेवला. "त्यानं नाही काटलं," म्हणालो. "मी काटलं."

पाहुण्यांनी कपाकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे. "काहून?"

"तू कवडी लिहिलं होतं. दोन नंबर, कवडी. मले वाटलं, माल खराब हाय."

तिला समजायला जरा वेळ लागला. मग ती हसायला लागली. इतकी, की प्रिंटांवरच बसली. पाहुणेही हसले, त्यांना वाटलं विषय संपला. ते गेल्यावर तिनं कप आवरले, आणि आवरता आवरता तिचा आवाज बदलला.

"चूक झाली त्याचं मले हसू आलं. पण चार महिने तुम्ही त्या माणसाले माझ्या तोंडून शिव्या खाऊ दिल्या. आता पहिले त्याच्याकडे जा."

मी दुसऱ्या दिवशीच यवतमाळला गेलो. एजंटाला सगळं सांगितलं. तो आधी थंडपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, म्हणून यंदा मास्तर लोक फिरकले नाहीत. त्यानं चहालाही विचारलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. बायकोनं त्या आठवड्यात ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना एकेकाला गाठून उलट सांगितलं. मग मी तिची माफी मागायला गेलो तर तिनं हात वर केला.

"माझी नका मागू. मले समुद्र पाहायले भेटला. त्या पोरीले काय भेटलं? शनिवारी सकाळची शाळा हाय. येऊन वर्गात सांगा."

मी गेलो. पिशवीत दोन मुठी कापूस नेला, एक पांढरा, एक किडका. मुलं बस्करपट्टीवर बसली होती, भूगोलाच्या तासाला खरेदी केंद्राचे साहेब आले म्हणून उत्सुक. मी किडका कापूस वर धरून विचारलं, हे काय हाय? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "कवडी." कापूस त्या पोरांना माझ्याइतकाच कळत होता. मग बायकोनं त्या मुलीची खरी कवडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, अन् हे? पुन्हा तेच उत्तर आलं आणि वर्गात खसखस पिकली. मी यादीची गोष्ट सांगितली. खोडलेली ओळ सांगितली. मागून एक आवाज आला, "म्हणजे सर, तुम्ही समुद्राची गाडीच वापस पाठवली." बायकोसकट सगळे हसले.

ती मुलगी हसली नाही. तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे पाहत होती, पुढचं ऐकायला. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसलो, कारण उभ्यानं बोलायला जमत नव्हतं.

म्हणालो, "बेटा, तुझ्या मॅडम तुझ्यासाठी कवडी पाहायले गेलत्या. त्यांची काहीच चूक नाही, अन् त्या एजंटाचीही नाही. मी न विचारता खोडलं, अन् मग खोटं बोललो. तुझं उत्तर माझ्यामुळं राहून गेलं. मले माफ कर."